१×१२ गिटार कॅबिनेट : बंद पाठ उघडावी का, आणि किती?

तारकाप्या
मंडळी, जिगसॉ हातात घेण्याआधी जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

माझं १×१२ कॅबिनेट (१२ इंची एका स्पीकरचा डबा) कंपनीचं नाही, इथेच पुण्यात एका ओळखीच्या सुताराकडून करून घेतलंय. १८ मिमी प्लायचा डबा, बॅफलही, म्हणजे स्पीकर बसवलेली पुढची फळीही, १८ मिमी. मागे १२ मिमीची एकच अख्खी फळी, चारही बाजूंनी लाकडी स्क्रूंनी आवळलेली. बाहेरून माप ५६ × ४६ × ३० सेंमी. आत सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज ३० स्पीकर, ८ ओहम. वर १५ वॉटचं ट्यूब हेड, म्हणजे स्पीकर नसलेला सुटा अँप.

दुखणं असं की पाचवी तार मोकळी छेडली की खोली घुमते. पाम म्यूटमध्ये (तळहाताने तार दाबून वाजवताना) तर तो एकच सूर फुगून बाकीच्यांच्या अंगावर बसतो. सहाव्या तारेचं असं होत नाही. दुसरं म्हणजे स्पीकरच्या बरोबर समोर उभं राहिलं तर कान सोलून निघतात, आणि दोन पावलं बाजूला ड्रमरपाशी गेलं की गिटार आहे की नाही तेच कळत नाही. त्याची भुणभुण सुरू आहे, "तुझं वाढव". आमच्या बँडमधल्या बेसवालीची बरोबर उलटी.

तीन पर्याय डोक्यात आहेत : (१) मागची फळी सरळ काढून टाकायची, (२) फळीत मधोमध एक गोल भोक पाडायचं, म्हणजे अर्धं बंद अर्धं उघडं, (३) आहे तसंच ठेवून आत काहीतरी भरायचं. मन दुसऱ्याकडे झुकलंय, कारण कमी तोडफोड.

निवांत
वाचनखूण साठवली. माझ्याही अँपच्या पाठीचा घोळ आहे.

सुतारपक्षी
भोक पाडू नका. पाडलेलं भोक बुजवता येत नाही. स्क्रू काढा, फळी भिंतीला टेकवून ठेवा, बँडसोबत वाजवा. खर्च शून्य. मग बोलू.

एकच विचारतो, जॅक कुठे बसवलाय? मागच्या फळीवरच असेल तर फळी काढताना आतली वायर ओढली जाईल. आधी हेड बंद करा, केबल काढा, मगच हात घाला.

तारकाप्या
हो, जॅक फळीवरच आहे. मधोमध.

बेसवाली
@सुतारपक्षी, केबलचा मुद्दा ठळक अक्षरांत लिहायला हवा. ट्यूब अँप चालू असताना कॅबिनेटची केबल काढायची नाही, आणि कॅबिनेट न जोडता अँप चालू करायचं नाही. लोड, म्हणजे जोडलेला स्पीकर, नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि तो गिटार अँपमधल्या महागड्या भागांपैकी एक असतो. ट्रान्झिस्टर अँपचं भय वेगळं : तिथे लोड नसला तर सहसा चालतं, पण सांगितल्यापेक्षा कमी ओहम जोडले की त्याचा जीव जातो.

बाकी "बेसवालीची उलटी भुणभुण" वाचून करमणूक झाली. ती बिचारी बरोबर असणार. ११० हर्ट्झच्या, म्हणजे मोकळ्या पाचव्या तारेच्या आसपास तुम्ही घुमताय, म्हणजे थेट तिच्या घरात घुसताय.

आवाजी
चांगला प्रश्न आहे, जरा सविस्तर लिहितो.

स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. म्हणजे पाठीमागून निघणारा आवाज पुढच्याच्या बरोबर उलटा असतो. पाठ बंद केली की तो डब्यात कोंडला जातो. पाठ उघडी ठेवली की तो कडेने वळसा घालून पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला भेटतो. खालच्या सुरांची तरंगलांबी मोठी असते. गिटारच्या सहाव्या तारेचा ई म्हणजे ८२ हर्ट्झ, त्याची लांबी चार मीटरच्या वर. अर्ध्या मीटरचा वळसा त्याच्या दृष्टीने काहीच नाही, त्यामुळे दोन उलटे आवाज जवळजवळ एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून उघड्या पाठीला खालचा ठोसा कमी. अर्धा मीटर वळसा धरला तर साधारण ११५ हर्ट्झच्या खाली हे नुकसान सुरू होतं आणि दर सप्तकाला ६ डेसिबल वाढत जातं. वर ३४० च्या आसपास उलट भर पडते, कारण तिथे वळशाला लागणारा वेळ बरोबर अर्ध्या लहरीइतका होतो.

आता तुमचा डबा. आतलं माप काढलं तर साधारण ५५ लिटर भरतं. बंद डब्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि स्पीकरचा स्वतःचा अनुनाद वर ढकलते. व्हिंटेज ३० चा अनुनाद कंपनी ७५ हर्ट्झ देते. डब्यातल्या हवेची स्प्रिंग स्पीकरच्या स्वतःच्या लवचिकतेइतकीच ताठ आहे असं धरलं, तर तो १.४१ पट होतो, म्हणजे १०६. तुमची मोकळी पाचवी तार ११० ला वाजते. गृहीतक ढोबळ आहे, पण तोच सूर का फुगतो याचा एक संशयित सापडला.

आता पर्याय २, ज्याच्याकडे तुमचं मन झुकलंय. बंद आणि उघड्याच्या मधलं काहीतरी मिळेल अशी तुमची अपेक्षा आहे. तसं होत नाही. बंद डब्याला भोक पाडलं की तो रेझोनेटर होतो, म्हणजे एका ठरावीक सुराला घुमतो, पोर्ट (हवेसाठी मुद्दाम ठेवलेलं भोक) असलेल्या कॅबिनेटसारखा. ५५ लिटरच्या डब्याला १२ मिमी फळीत १० सेंमी व्यासाचं भोक पाडलं तर तो ६५ हर्ट्झच्या आसपास बोलेल, सहाव्या तारेच्याही खाली, म्हणजे गिटारला निरुपयोगी. भोक २० सेंमी केलं तर ९५-१०० च्या आसपास. म्हणजे जिथे दुखतंय त्याच्या अगदी शेजारी अजून एक टेकाड उभं राहणार! उघड्या पाठीसारखं वागवायचं असेल तर निदान एक तृतीयांश पाठ मोकळी हवी.

तारकाप्या
बापरे. जिगसॉ परत खोक्यात ठेवला.

रसायनीकर
आवाजी यांचा प्रतिसाद आवडला, पण संशयित एकटा नाहीये. सरावाची खोली केवढी आहे?

तारकाप्या
१० × १२ फूट, छत ९ च्या आसपास. गाद्या टांगल्यात भिंतीला.

रसायनीकर
मग हे घ्या. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर अंतर. आवाजाचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद. त्या अंतरात पहिली उभी लहर (भिंतींमध्ये अडकून घुमणारी) ५६ हर्ट्झला बसते, दुसरी ११२ ला. पाचवी तार ११०. आता सांगा, डबा घुमतोय की खोली?

गाद्यांनी ११० हर्ट्झला काहीही फरक पडत नाही. त्या वरच्या सुरांचं पाणी पितात, त्यामुळे खालचं अजूनच उघडं पडतं.

आवाजी
मान्य. दोन्ही असू शकतं. वेगळं करायचं तर डबा खोलीबाहेर न्यायला हवा.

मांडवीकाठचा
गच्चीवर न्या की! मोकळ्या हवेत खोलीची लहर नाही. कॅबिनेट कठड्यापासून लांब, मधोमध ठेवा. तिथे पाचवी तार शहाण्यासारखी वागली तर दोष खोलीचा. तिथेही फुगली तर डब्याचा. आमच्या पणजीत हे रविवारी दुपारी केलं तर शेजारी जेवून झोपलेले असतात, त्यांची क्षमा आधीच मागून ठेवा.

निवांत
पुण्यात दुपारी १ ते ४ गच्चीवर अँप वाजवणार? धागाकर्त्याच्या जिवाची काळजी वाटते.

न्यूजर्सीकर
थोडं अवांतर, पण धाग्याशी नातं आहे.

उघडी-बंद हा वाद गिटार अँपच्या इतिहासात आवडीनिवडीतून कमी आणि स्पीकर फाटण्यातून जास्त आलाय. फेंडरचा ट्वीड बासमन अँप नावाप्रमाणे बेससाठी केला होता, तरी १० इंची चार स्पीकर आणि पाठ उघडी! बेसवाल्यांना तो फारसा मानवला नाही, गिटारवाल्यांनी उचलून धरला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरने बासमनचं हेड वेगळं केलं आणि त्याला बंद कॅबिनेट दिलं.

तिकडे लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात जेटीएम-४५ अँप तयार झाला, तो याच बासमनच्या सर्किटवरून. पण तेव्हाचे सेलेस्टियन स्पीकर मोजक्या वॉटचे, दोन स्पीकरांना तो अँप झेपेना. म्हणून चार घेतले आणि पाठ बंद केली, म्हणजे आतल्या हवेचा कोनला आधार. ४×१२ बंद डबा हा पुढे रॉकचा आवाज ठरला तो असा. १९६५ मध्ये 'द हू' बँडच्या पीट टाउनशेंडला त्याहून मोठं हवं होतं, त्याच्यासाठी ८×१२ चा एकच डबा केला. उचलणाऱ्यांनी हात जोडले. मग त्याचे दोन ४×१२ करून एकावर एक ठेवले, आणि स्टॅक जन्मला.

व्हॉक्सचा एसी-३० अँप मात्र पाठ उघडी ठेवूनच मोठा झाला. तोही सेलेस्टियनवरच.

ड्रॉपडी
सगळं ठीक आहे, पण कोणी मेटल वाजवत असेल तर पाठ उघडायच्या फंदात पडू नका. सहावी तार डी ला उतरवली की ७३ हर्ट्झ. उघड्या पाठीत तिचा दम जातो, पाम म्यूटचा "धप्" जाऊन "फप्" उरतो. आणि जोरात वाजवलं की कोनला मागून आधार नसल्याने तो जास्त हलतो. धागाकर्ते नक्की काय वाजवतात?

तारकाप्या
ब्लूज, थोडा फंक, लग्नाच्या सीझनमध्ये जे सांगतील ते.

ड्रॉपडी
मग उघडा बिनधास्त. :)

बेसवाली
उघडल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा, आता भिंतही तुमच्या कॅबिनेटचा भाग आहे. पाठीमागचा आवाज भिंतीवर आपटून पुढे येतो. भिंत अर्ध्या मीटरवर असेल तर ढोबळमानाने १७० हर्ट्झच्या आसपास भर पडते, ३४० च्या आसपास कापलं जातं. पुढे-मागे सरकवलं की हे आकडे बदलतात. आमच्याकडे एक गिटारवादक प्रत्येक स्टेजवर गेल्या गेल्या कॅबिनेट सरकवत बसायचा. आधी वाटायचं नखरे आहेत. पण ऐकल्यावर कळायचं, दोन वीत सरकवलं तरी मधले सूर पोकळ व्हायचे किंवा भरायचे. कोपऱ्यात तर ठेवूच नका.

फायदा असा की ड्रमर तुमच्या मागे बसत असेल तर त्याला गिटार फुकटात ऐकू येईल. तोटा असा की ड्रमच्या माइकलाही ऐकू येईल.

तारकाप्या
वृत्तांत देतो. दोन्ही केलं, गच्ची आणि फळी.

गच्चीवर, पाठ बंद : पाचवी तार बरीच निवळली, पण पूर्ण नाही. जाड वाटते, फुगत नाही. म्हणजे मोठा गुन्हेगार खोली आणि छोटा डबा, रसायनीकर आणि आवाजी दोघांनाही चहा. एक गोष्ट कोणीच लिहिली नव्हती : फळीवर मधोमध बोटाने टकटक केलं तर "ढुम्म" असा स्वच्छ सूर निघतो. तार छेडताना तळहात ठेवला तर फळी चक्क थरथरते.

गच्चीवर, पाठ काढून : बारीक आवाज, जीव नाही.

खोलीत, पाठ काढून : एकदम मोकळं! ड्रमर हसला. पाचवी तार इतर तारांच्या ओळीत आली. आमच्या बेसवालीने तर काही न बोलता तिचा व्हॉल्यूम कमी केला. पण लीड वाजवताना खालचा जोर जरा जास्तच गेलाय, एकेक सूर पातळ लागतो. शिवाय डबा हातात धरला तर आधीपेक्षा जास्त हलतोय.

सुतारपक्षी
आता खरं काम सुरू. तुमच्या दोन्ही निरीक्षणांचं कारण एकच. मागची फळी नुसतं झाकण नसते, ती डब्याला ताठ ठेवते. काढली की बाजूच्या फळ्या लवायला लागतात. आणि ती असताना थरथरते, कारण १२ मिमी प्लाय जवळजवळ ५२ × ४२ सेंमीच्या पट्ट्यात मध्ये कशावरही टेकलेला नाही. मार्शलच्या ४×१२ मध्ये बॅफलपासून पाठीपर्यंत मधोमध एक लाकडी खांब असतो तो याचसाठी.

तेव्हा असं करा :

जुनी फळी फेकू नका, आडवी तीन तुकड्यांत कापा. वरचा आणि खालचा १३-१३ सेंमी, मधला १६. वरचा-खालचा कायम बसवायचा, डब्याचा ताठपणा परत येतो. मधला काढता-घालता. बंद आवाज हवा असेल त्या दिवशी मधली फळी लावा. मधल्या फळीला टेकायला वरच्या आणि खालच्या फळीच्या मागून, म्हणजे डब्याच्या आतून, २० × २० ची सागवानी पट्टी फेविकॉल आणि स्क्रूने बसवा, म्हणजे सांधा तिच्यावर येईल आणि लांब कडाही ताठ होईल.

जॅक मधोमध आहे म्हणालात, तो खालच्या फळीवर हलवा. मधलीवरच ठेवला तर दर वेळी वायर सोडवत बसाल, आणि एक दिवस ती तुटेल.

काढत्या फळीला लाकडी स्क्रू नको. प्लायमध्ये पाचसहा वेळा घातला-काढला की भोक मोठं होतं, स्क्रू नुसता फिरतो. इन्सर्ट नट (लाकडात बसणारे धातूचे आट्यांचे नट) बसवा आणि मशीन स्क्रू लावा. सांध्यावर खिडकीच्या फटींना लावतात ती फोमची चिकटपट्टी फिरवा. फळी लावल्यावर हवाही अडते आणि "झर्रर्र" पण होत नाही. बँडमध्ये ते झर्रर्र ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र नेमकं तेच ऐकू येतं.

कापलेल्या कडेला सीलर मारा. विशेषतः कोकणात, गोव्यात. पावसाळ्यात प्लायची उघडी कड पाणी शोषते आणि फळी खाचेत अडकून बसते.

मांडवीकाठचा
आमेन. जुलैत माझी फळी काढायला पटाशी लागली होती.

आणि उघड्या पाठीचा आमच्याकडचा खास प्रश्न : पाल. रात्री उबदार ट्यूब, मागे मोकळं दार, तिला आणखी काय हवं? मोकळ्या भागाला आतून जाळी लावा. बारीक डासांची नको, ती थरथरते. जाड तारेची, मोठ्या भोकांची.

निवांत
पालीची नोंद घेतली. :D

माझा प्रश्न थोडा वेगळा. माझं कॅबिनेट नाही, कॉम्बो आहे (अँप आणि स्पीकर एकाच डब्यात), ट्यूबचा. पाठ अर्धी उघडी येते. मला उलटं हवंय, खालचा जोर वाढवायला मागे पूर्ण फळी लावायची आहे. हाच उपाय उलटा करू का?

बेसवाली
नका करू. दोन कारणं. एक, ट्यूब तापतात आणि त्यांची उष्णता त्या उघड्या भागातूनच बाहेर जाते. बंद केलंत तर ट्यूबसोबत आजूबाजूचे कॅपॅसिटरही भाजतील. दुसरं, मागची फळी काढायची असेल तर लक्षात ठेवा की अशा अँपमधल्या फिल्टर कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ४०० व्होल्ट किंवा जास्त शिल्लक राहू शकतात. आत हात घालायची सवय नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या.

आणखी एक : बऱ्याच कॉम्बोंच्या वरच्या फळीला आतून अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा फॉइल असतो. तो शोभेचा नाही, चॅसिसची (अँपचं सर्किट बसवलेल्या धातूच्या पेटीची) उघडी बाजू झाकून गुणगुण अडवतो. ती फळी बदललीत आणि फॉइल लावलं नाही तर ट्यूबलाइट अँपमधून ऐकू येईल.

खालचा जोरच हवा असेल तर कॉम्बोचा स्पीकर सोडवून बाहेर एक बंद १×१२ लावा. ओहम जुळवून.

निवांत
थांबवलंत, धन्यवाद. स्क्रूड्रायव्हर हातात होता.

रसायनीकर
पर्याय ३ कोणी हाताळलाच नाही. मधली फळी लावून बंद वाजवाल तेव्हा आत पॉलिएस्टरचा कापूस भरा, उशीत भरतात तो. मागच्या फळीवर आणि एका बाजूवर, हलका. मधल्या सुरांचं डब्यातलं आपटणं कमी होतं. पाचव्या तारेचं फुगणं याने जाणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका. ग्लासवूल वापरणार असाल तर वर कापड शिवा, त्याचे तंतू स्पीकरच्या कॉइलपर्यंत जायला नकोत.

तारकाप्या
फळ्या कापून घेतल्या. सुतारपक्षी म्हणाले तसं १३-१६-१३, आत सागवानी पट्ट्या, जॅक खाली. टकटक केलं तर आता "ठक्", सूर निघत नाही.

मधली फळी काढून खोलीत : अख्खी पाठ काढल्यावर जे पातळ वाटत होतं ते बरंच भरलं. पाचवी तार अजून इतरांपेक्षा किंचित पुढे आहे, पण अँपवर बास पाचवरून चारवर आणला की जाते. पूर्वी तो दोनवर आणला तरी जात नव्हती. कॅबिनेट १० फुटी भिंतीच्या मधोमध होतं, तिथून तिरकं केलं, त्यानेही फरक पडला. कान सोलणं मात्र तसंच आहे.

आवाजी
ते तसंच राहणार. वरचे सूर १२ इंची कोन सरळ रेषेत फेकतो, त्यात पाठीचा हात नाही. कॅबिनेट गुडघ्याच्या उंचीवर न ठेवता मागे कलतं करा किंवा खुर्चीवर ठेवा. मग तुम्हाला खरा आवाज कळेल आणि ट्रेबल तुम्ही स्वतःच कमी कराल. समोरच्या पहिल्या रांगेचे आशीर्वाद मिळतील.

न्यूजर्सीकर
रेकॉर्डिंग करणार असाल तर आता एक नवं खेळणं मिळालंय. एक माइक पुढे, एक मागच्या मोकळ्या भागापाशी. मागच्याची पोलॅरिटी उलटी करायला विसरू नका, नाहीतर दोन्ही एकत्र करताच खालचे सूर गायब होतील. वर आवाजी यांनी लिहिलं तेच, फक्त आता मिक्सरमध्ये.

ड्रॉपडी
माझ्याकडे २×१२ बंद आहे. अर्धं उघडावं म्हणतोय, एक स्पीकर बंद, एक उघडा. स्वच्छ आवाजाला उघडा, मेटलला बंद. चालेल का?

सुतारपक्षी
चालेल, पण आधी मध्ये आडभिंत घाला, हवाबंद. नाहीतर बंद स्पीकरची मागची हवा शेजारच्या उघड्या भागातून निघून जाईल आणि बंद असा काही उरणारच नाही. भिंत १८ मिमीची, बॅफलपासून पाठीपर्यंत, सगळ्या कडांना फेविकॉल. वायर जाणारं भोकही सिलिकॉनने बुजवा. दोन्ही भागांची पाठ वेगळी कापावी लागेल. आतली खोली, रुंदी, उंची आणि दोन्ही स्पीकरांचे ओहम लिहा, कापायची मापं काढून देतो.